दोन तेरेसा

प्रेस्टन
१६ ऑक्टोबर २०१७
(काल संत तेरेसाचा दिवस)

प्रिय सिसिली,

तीनदा फोन केला, तू उचलला नाहीस. ऑगस्टमध्ये मी म्हटलं होतं की तुझा खोकला मला व्हाइटहेवनहून प्रेस्टनपर्यंत ऐकू येतो, आता सिगारेट सोड. त्यावर तू फोन ठेवलास तो ठेवलासच. शाळेपासून आजवर आपण दोन महिने बोललो नाही असं कधी झालं नव्हतं. राग असेल तर तो पत्रात लिही. पण लिही.

मला सिगारेट सोडून अकरा महिने झाले. एक्कावन्न वर्षांची सवय, आणि तिची सुरुवात कुणी करून दिली हे तुला माहीत आहे. कॉन्व्हेंटच्या धोबीखान्यामागे पहिली सिगारेट तू माझ्या हातात ठेवलीस आणि म्हणालीस, "मेना, खोकलीस तर सिस्टर अल्फोन्सस येईल." मी खोकले नाही. डोळ्यांतून पाणी आलं तरी खोकले नाही. पहिली तू दिलीस, तुझ्या हातातली शेवटची मी काढून घेणार. हे मी माझ्या विल्फच्या थडग्यापाशी ठरवलं आहे. त्याची छाती कशी गेली ते तू पाहिलं आहेस.

तर काल मी तुझ्यासाठी रस केला. ई-सिगारेटमध्ये घालतात तो. दुकानात तयार मिळतो, पण मे महिन्यापासून सरकारने बाटल्या अंगठ्याएवढ्या करून टाकल्या, आणि चव म्हणाल तर खोकल्याच्या औषधाची. एकोणतीस वर्षं मी शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांचं कस्टर्ड ढवळलं आहे. मला कस्टर्ड कुणी शिकवू नये. ग्लिसरीन, व्हॅनिला, थोडं आंबट रूबार्ब, सगळं काट्यावर तोलून. निकोटीन हातमोजे घालून. आपल्या रूबार्ब-कस्टर्डच्या गोळ्या आठवतात ना, अर्धी लाल, अर्धी पिवळी? तीच चव.

पण आज ती बाटली हुंगशील तर नाक मुरडशील. ताजा रस नेलपॉलिशसारखा वास मारतो. फळांचा लगेच चालतो, कस्टर्डला मात्र मुरावं लागतं. ख्रिसमसचा केक आपण ऑक्टोबरात करून ठेवतो ना, तसंच. अंधार, थोडी ऊब, रोज एकदा हलवायचं आणि पाच-साडेपाच आठवडे वाट पाहायची. पाण्यासारखा रस हळूहळू चहाच्या रंगावर येतो, आणि एक दिवस त्यातला कच्चेपणा गेलेला असतो. तुझी बाटली बरोबर २२ नोव्हेंबरला, संत सिसिलियाच्या दिवशी, तयार होईल.

गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात माझ्या अकरा बाटल्या आहेत. त्यांच्यावर तारीख नाही, ज्या दिवशी रस केला त्या दिवसाच्या संताचं नाव. सिस्टर अल्फोन्ससने आपल्याला दोनच गोष्टी पक्क्या शिकवल्या, संतांचे दिवस आणि ओठ मिटून जांभई. दुसरीचा उपयोग मी समितीच्या सभांत करते. वरच्या फळीवर मोठी तेरेसा, कालची, म्हणजे तू. खालच्या फळीवर छोटी तेरेसा, त्याच नावाची दुसरी संत, एक ऑक्टोबरची, त्यात माझी बडीशेप. दोघींवर नुसतं 'तेरेसा' लिहिलंय, पण फळी वेगळी असल्यावर घोटाळा कसला?

फोन उचल.

तुझी
मेना


व्हाइटहेवन
२४ ऑक्टोबर

प्रिय मेना,

अर्धा स्वर्ग गरम पाण्याच्या कपाटात कोंडलास. त्यांना उकडत असेल, जरा दार उघडत जा.

मी रागावलेली नाही. रागावले तर तुला तार येईल, मग ती पाठवायची सोय राहिली असो वा नसो. सप्टेंबरात कार्लाइलला भाचीकडे होते. तिथेच खालचे दात काढले आणि नवी कवळी बसवली. बोलायला लागले की शिट्टी वाजते, समोरचा टॅक्सीवाला थांबतो. ती नीट बसेपर्यंत फोन नाही. पत्र बरं, पत्राला दात लागत नाहीत.

तुझा रस तुझ्यापाशी ठेव. एकोणसत्तर वर्षांच्या बाईला तिच्या बऱ्यासाठी काही करायला सांगणाऱ्यांची इथे रांग लागली आहे. डॉक्टर, भाची, फादर डग्लस. तू मागे उभी राहा. माझं जे व्हायचं ते माझ्या हाताने होईल. तू बाजूला लायटर धरून उभी होतीस म्हणून तुझा काही वाटा होत नाही.

हो, गायकवृंद सोडला. आता त्यांना तरुण गळे हवेत. त्याबद्दल फादरना पत्र पाठवायचं नाही. ही विनंती नाही.

बटर पाय, आपला बटाटा-कांद्याचा बिनमांसाचा, अजून शुक्रवारीच करतेस का? इथे कुणाला येत नाही. बटाट्यात गाजर घालतात, मेना. गाजर.

सिसिली


प्रेस्टन
९ नोव्हेंबर

प्रिय सिसिली,

गाजराचं वाचून दोन मिनिटं खाली बसले.

गायकवृंदाचं मात्र मला मुळीच पटलेलं नाही. तरुण गळे! बारा वर्षांची असताना तू 'आवे मारिया'च्या वरच्या सुरावर गेलीस तेव्हा सिस्टर अल्फोन्ससने खिडकी बंद केली होती, आवाज बाहेर वाया जाऊ नये म्हणून. आणि तू निमूट उठून आलीस? तुला कधीपासून निमूट उठता यायला लागलं? फादर डग्लसना मी पत्र लिहिलं होतं. तुझ्या पत्रामुळे ते टाकलं नाही. फाडलेलंही नाही.

इथे लढाई चालू आहे. आमच्या वृद्धांच्या इमारतीत मिसेस ऑर्मरोड म्हणून समितीच्या चिटणीस आहेत. जिन्यात कस्टर्डचा वास येतो आणि माझ्या घरी कुणी कस्टर्ड खाताना दिसत नाही, यावरून त्यांनी ताडलं की काहीतरी काळंबेरं आहे. मग नोटीस आली: 'रहिवाशांनी घरात रसायने तयार करू नयेत. गुरुवारी कपाटे पाहण्यात येतील.' मी खाली उत्तर लिहून परत पाठवलं: 'एक्कावन्न वर्षे मी या फुप्फुसांत डांबर भरले, तेव्हा समितीला वास आला नाही. आता कस्टर्डचा येतो. बाटल्या कुलपात आहेत, पोरंबाळं घरात येत नाहीत, आणि कपाट माझे आहे. फिलोमिना गॉर्नल.'

तरी गुरुवारी त्या समितीतल्या आणखी दोघींना घेऊन आल्याच. त्या जिन्यात दिसताच मी सगळे संत उचलले आणि शिलाई मशीनच्या लाकडी झाकणाखाली ठेवून वर टेबलक्लॉथ टाकला. मिसेस ऑर्मरोडनी त्याच टेबलाशी बसून चहा घेतला. कपाटात टॉवेल आणि विल्फचं एक स्वेटर होतं. स्वेटरचा त्यांनी वास घेतला, सिसिली. माझ्या समोर. मी म्हटलं, "माझा नवरा रसायन नव्हता हो, लोहार होता."

आता संत मशीनखालीच राहतील. तिथेही अंधार आहे. तुझी बाटली हलवताना काल पाहिली, चहाचा रंग धरलाय. अजून तेरा दिवस.

कवळी कशी आहे? शिट्टी वाजली तरी चालेल, मी हसणार नाही. हसले तर फार हसणार नाही.

तुझी
मेना


प्रेस्टन
२० नोव्हेंबर

सिसिली,

घाईत लिहिते, पोस्ट बंद व्हायची वेळ झाली आहे. सोबत तेरेसाची बाटली आणि माझी जुनी ई-सिगारेट, धुऊन, नवी कॉइल घालून. बाटली परवा उघड, तुझ्या संताच्या दिवशी, त्याआधी नाही. ओढण्याआधी झाकण काढून नुसती हुंग. डोळे मीट आणि हुंग. मग मला लिही की तू कुठे जाऊन पोचलीस.

परवा सहाला नेहमीसारखा फोन करीन. दरवर्षी या दिवशी तू मला एक ओळ गाऊन दाखवतेस. कवळी असो वा नसो, यंदाही मला ती हवी.

मेना


व्हाइटहेवन
२४ नोव्हेंबर

प्रिय मेना,

बावीसला वाऱ्याने तार पडली असावी, फोन मेलेला आहे. तू वाजवत बसली असशील, माफ कर.

बाटली उघडली. तू सांगितलंस तशी, डोळे मिटून. मेना, काय सांगू? ते कोपऱ्यावरचं दुकान, त्या बाईची मिशी, ती काचेची बरणी. आधी रूबार्बचा आंबट झटका, मग मागून कस्टर्ड आलं, मऊ, गरम, लोकरीच्या शालीसारखं. थेट त्या गोळ्या. हुबेहूब. दोन झुरकेही घेतले. तू खरी जादूगार आहेस. सिगारेट सोडेन असं वचन देत नाही, पण बाटली उशाशी ठेवली आहे.

मिसेस ऑर्मरोडना माझा नमस्कार सांग, आणि विल्फचं स्वेटर कुलपात ठेव.

तुझी
सिसिली


प्रेस्टन
३० नोव्हेंबर
(संत अँड्र्यूचा दिवस)

सिसिली,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते मिसेस ऑर्मरोडना सोडून सगळ्यांना वाचून दाखवलं. 'लोकरीच्या शालीसारखं' तर दोनदा वाचलं. आज माझा रस संपला म्हणून मशीनखालची उरलेली तेरेसा काढली. छोटी, बडीशेपेची. झाकण उघडलं.

रूबार्ब आणि कस्टर्ड.

मी खुर्चीवर बसले आणि पुन्हा हुंगलं. मग कळलं. फळीवरून काढून झाकणाखाली कोंबताना दोघी तेरेसा एकमेकींच्या जागी गेल्या. तुला मी बडीशेप पाठवली. बडीशेप, सिसिली. बंद बाटलीतूनसुद्धा वास येतो तिचा, माझं नाक सरावलंय म्हणून मला कळलं नाही. पोस्टमनने पाकीट देताना तुझ्याकडे पाहिलं असेल. तू लहानपणापासून बडीशेपेच्या गोळ्या थुंकून टाकतेस. आणि तू मला शाल लिहिलीस.

सर्दी असती तर तू सर्दीवर चार पानं लिहिली असतीस. उघडलीच नसतीस तर खुशाल तसं लिहिलं असतंस, तू भिणारी नाहीस. तू उघडलीस, हुंगलीस, आणि तुला काहीच वास आला नाही. मग आठवणीतून लिहून काढलंस.

आज दिवसभर मी तुझी पत्रं मांडून बसले आहे. फोन नाही. गायकवृंद नाही. सप्टेंबरात कार्लाइल, आणि तुला भाची आवडत नाही. नवी कवळी, पण डॉक्टर रांगेत पहिला. मला सगळं कळलं असं म्हणत नाही. मला फक्त एवढं कळलंय की मी दीड महिना कस्टर्डबद्दल लिहीत होते आणि तू मला लिहू देत होतीस.

खरं लिही. नाही लिहिलंस तर बस सव्वानऊला सुटते.

मेना


व्हाइटहेवन
५ डिसेंबर

मेना,

बसमध्ये बसू नकोस. लिहिते.

२१ सप्टेंबरला माझं स्वरयंत्र काढलं. गाठ होती. ऑगस्टमध्ये तू ज्याला खोकला म्हणालीस ती तीच. तुला उलट उत्तर द्यायचं होतं, पण शब्द फुटेना म्हणून फोन ठेवला. तेव्हा मला आधीच माहीत होतं. गाठ सगळी निघाली म्हणतात, आणि मी त्यांच्यावर विश्वास ठेवायचं ठरवलं आहे.

आता मी गळ्याच्या खाली, दोन हाडांच्या मध्ये असलेल्या भोकातून श्वास घेते. नाकातून हवा जातच नाही, म्हणून वासही नाही. टोस्ट जळतो, मला धूर दिसल्यावर कळतं. सिगारेट त्या दिवशी सकाळी आठला सुटली. तुझा रस यायच्या दोन महिने आधी. तू जिंकली नाहीस, तुला फक्त उशीर झाला.

बोलायला एक यंत्र दिलं आहे, हनुवटीखाली लावायचं. त्यातून जो आवाज येतो तो मी एकदा ऐकला. स्टेशनवर गाड्यांची घोषणा करणाऱ्या डब्याला सर्दी झाल्यासारखा. तो माझा नाही. मी तो कुणाला ऐकवणार नाही आणि तुला तर कधीच नाही. तुझ्या कानात माझा जो आवाज आहे तो तसाच राहू दे, म्हणून लपवलं. दुसरं कारण हेही की तू धोबीखाना उकरून काढशील. मी पहिली दिली, तू वाचलीस, मला झालं. यावर मला एक ओळही नको.

चर्चला जाते. मान झाकायला स्कार्फ, मागच्या बाकावर. लोक मी बहिरी असल्यासारखं मोठ्याने बोलतात. फादर डग्लस माझा हात थोपटतात. मेना, मला थोपटणं नको. कीव घेऊन येणार असशील तर स्टेशनावरूनच परत जा.

शाल खोटी होती. पण दुकान, मिशी आणि बरणी खरी होती. हुंगल्यावर काही आलं नाही तेव्हा मी ती शोधत राहिले, बराच वेळ.

सिसिली


प्रेस्टन
१३ डिसेंबर
(संत लूसीचा दिवस)

सिसिली,

आठ दिवस उत्तर दिलं नाही, कारण पहिली चार पत्रं कीवेची होती. चारही चुलीत घातली. हे पाचवं.

मी रागावले आहे. गाठ झाली म्हणून नाही. तू एकटी गेलीस, एकटी पडून राहिलीस, आणि मला बटाट्यातल्या गाजराचं लिहिलंस, म्हणून. आणि माझ्या कानांची काळजी तू कोण करणार? ते माझे कान आहेत. कोणता आवाज ठेवायचा ते मी ठरवीन. एकोणतीस वर्षं शाळेच्या जेवणघरात काढलीयेत मी, माझ्या कानांना काहीही चालतं.

धोबीखान्यावर एकच ओळ लिहिते, तुला नको असली तरी. हात मी पुढे केला होता. संपलं.

आता ऐक. ३ फेब्रुवारीला संत ब्लेझचा दिवस. गळ्याचा आशीर्वाद. लहानपणी आपण रांगेत उभ्या राहायचो, पाद्री दोन मेणबत्त्या फुलीसारख्या धरून गळ्याला लावायचे आणि तुला नेहमी गुदगुल्या व्हायच्या. मला ठाऊक आहे तू यंदा जाणार नाहीस. 'गळ्याच्या सर्व विकारांपासून' ऐकायचं आणि गळ्यात भोक घेऊन उभं राहायचं, तुला ती थट्टा वाटेल. मलाही वाटते. म्हणूनच जायचं. ज्यांचे गळे धडधाकट आहेत ते दरवर्षी आशीर्वाद घेऊन घरी जातात, आणि ज्या बाईने तीस वर्षं त्या चर्चमध्ये गाऊन गळा झिजवला तिने मागच्या बाकावर स्कार्फ बांधून बसायचं? मी हे होऊ देणार नाही. मी दोन तारखेला येते. खरी तेरेसा घेऊन येते, आणि बटर पाय.

समितीची दुसरी नोटीस आली आहे. ती मी मशीनखाली, संतांच्या तळाशी घातली आहे.

तुझी
मेना


व्हाइटहेवन
२० डिसेंबर

मेना,

बटर पाय आण. बाकीचं पाहू.

सि.


प्रेस्टन
६ फेब्रुवारी २०१८

प्रिय सिसिली,

सुखरूप पोचले. बसमध्ये बाजूच्या बाईला मी सगळं सांगितलं. तिने विचारलं नव्हतं.

तू रांगेत माझ्या पुढे होतीस, म्हणून मागून काय दिसलं ते तुला माहीत नाही. ते लिहून ठेवते. तू दारातच स्कार्फ काढून माझ्या हातात दिलास, तेव्हा मला वाटलं होतं तू तो परत मागशील. नाही मागितलास. फादर डग्लस मेणबत्त्या घेऊन तुझ्यासमोर आले आणि थबकले. भला माणूस आहे, पण घाबरला. नजर छताला लावून त्यांनी मेणबत्त्या तुझ्या खांद्याजवळ, हवेतच कुठेतरी धरल्या आणि प्रार्थना पुटपुटायला लागले. तेव्हा तू पिशवीतून यंत्र काढलंस.

"गळा इथे आहे, फादर."

सिसिली, तो आवाज वाईटच आहे. खोटं बोलणार नाही. कोरडा, सपाट, टिनाचा. पण वेदीपासून दारापर्यंत गेला, आणि बाकावरची म्हातारी मंडळी एकजात ताठ झाली. त्यात तू होतीस. तो 'फादर' तू जसा उच्चारलास तसा तू सिस्टर अल्फोन्ससला 'येस, सिस्टर' म्हणायचीस. फादरनी मेणबत्त्या खाली आणल्या आणि त्या भोकाच्या दोन्ही बाजूंना नीट टेकवल्या. तुझे खांदे हलले. मला वाटलं रडतेस. मग पाहिलं, गुदगुल्या.

घरी तुझ्यापुढे खरी तेरेसा उघडली तेव्हा तू बाटली हुंगलीस, मान हलवलीस आणि पाटीवर 'काही नाही' लिहिलंस. मला त्याचं वाईट वाटलं, आणि बरंही. आता तू मला शाल पांघरत नाहीस.

बाटली तुझ्याकडेच राहू दे. अजून मुरेल.

तुझी
मेना


व्हाइटहेवन
१ मार्च

प्रिय मेना,

दवाखान्यात जोआन म्हणून एक मुलगी आहे. आमच्यासारख्यांना बोलायला शिकवते. ती म्हणाली, नाकात हवा ओढायची एक युक्ती आहे. ओठ मिटायचे आणि आत जांभई द्यायची, जबडा खाली, जीभ खाली, पुन्हा पुन्हा. त्याने नाकात थोडी हवा खेचली जाते. आठ जणांच्या वर्गात कुणालाच जमेना. मी पहिल्याच वेळी केली. तिने विचारलं, आधी कुठे शिकलात? मी यंत्र लावलं आणि सांगितलं, "कॉन्व्हेंटमध्ये. प्रवचनाच्या वेळी." आता मी तिच्या वर्गाला शिकवते. याच आवाजात. एक खलाशी आहे, त्याला मी ओरडते.

तीन आठवडे रोज बाटली समोर ठेवून जांभया दिल्या. काही नाही. काल काही नाही. आज सकाळी झाकण काढलं, अकरा जांभया दिल्या, आणि बाराव्या जांभईला आलं.

फार नाही. दार किलकिलं झाल्याइतकं. पण आलं, आणि आता मी तुला खरं लिहिते, कारण तुला खरंच हवं असतं.

कस्टर्ड जास्त झालंय, मेना. रूबार्ब दबलंय. पुढच्या वेळी आंबट वाढव.

तुझी
सिसिली